थोडक्या पैशांत गेमिंग लॅपटॉप

वडिलांनीं कष्टानें शिल्लक टाकलेल्या पैशांत गेमिंग लॅपटॉप कोणता घ्यावा, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. जो भाग मागाहून बदलतां येत नाहीं, त्यावर प्रथम पैसा खर्चावा, असें आम्ही सांगतों. ग्राफिक्स चिप बहुधा मदरबोर्डावर डाख देऊन कायमची बसविलेली असते. रॅम व एसएसडी पुष्कळ लॅपटॉपांत पुढें वाढवितां येतात. तशी सोय आहे कीं नाहीं, हें मात्र आधीं विचारावें.

नुसत्या नांवासहि भुलूं नये. आरटीएक्स ४०६० ही एकच चिप निरनिराळ्या लॅपटॉपांत ३५ पासून ११५ वॅटपर्यंत शक्तीनें चालविलेली असते. वॅट फार कमी, तर वेगहि कमी. हा आंकडा पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. नाहींतर घरची शिल्लक केवळ नांवापायीं जाईल.