मनाचा ताप

अंगात ताप भरला की आपण कपाळाला हात लावतो. हाताला चटका बसतो. ताप कळतो. पण मनाला ताप आला तर? मनाला हात लावता येत नाही. मग तो कळायचा कसा?

मी पुष्कळ वर्षे मास्तर होतो. माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. आधी हुशार, कबड्डीत सर्वांच्या पुढे. तो हळूहळू गप्प झाला. मागे बसू लागला. अभ्यास करीना. जेवणाचा डबा तसाच घरी नेई. मी म्हणालो, "लेका, आळशी झालास!" सर्वांदेखत त्याला उभे केले. घरचे म्हणाले, "वयात आलाय, होईल नीट." कोणी म्हणाले, "बाहेरची बाधा आहे." अंगारेधुपारे झाले. शेवटी पोराने शाळा सोडली.

त्याला काय झाले, हे आम्ही सगळे सांगत होतो. त्याला मात्र कोणीच विचारले नाही. ही चूक मला अजून खुपते.

मनाच्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे आजार वयाच्या १८ वर्षांच्या आत सुरू होतात. म्हणून याच वयात विचारपूस हवी.

दवाखान्यात काय विचारतात?

नऊ प्रश्नांची एक यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का? कशात गोडी वाटेनाशी झाली का? झोप, भूक कशी आहे? थकवा येतो का? लक्ष लागते का? असे साधे प्रश्न असतात. 'कधीच नाही' म्हटले तर ० गुण. 'काही दिवस' म्हटले तर १. 'निम्म्याहून जास्त दिवस' म्हटले तर २. 'जवळजवळ रोज' म्हटले तर ३.

मग बेरीज करतात. ही शाळेची परीक्षा नव्हे. इथे पास-नापास नाही. बेरीज १० किंवा जास्त झाली, तर डॉक्टर आणखी तपासतात. नुसत्या बेरजेवरून आजार ठरत नाही. अंगात रक्त कमी असले तरी थकवा येतोच.

शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दल असतो. आईबापांना वाटते, "असे विचारले तर पोराच्या डोक्यात नको ते भरेल." तसे होत नाही. उलट पोर मोकळे होते. उत्तर 'होय' आले, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. पोराला एकटे ठेवू नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

आपण काय करावे?

पोर दोन आठवडे उदास, गप्प किंवा चिडचिडे दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. आशाताईंनाही विचारावे. डॉक्टर बोलत असताना आपण थोडा वेळ बाहेर बसावे. आईबापांसमोर पोर सगळे बोलत नाही. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा फोन २०२२ सालापासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

बोलून, धीर देऊन आणि लागल्यास गोळ्या देऊन उपचार होतात. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळ मुले बरी होतात. पोराला वेडा म्हणू नका. आधी जवळ बसवा आणि विचारा, "बाळा, तुला काय होतंय?"

प्रश्न
१. मास्तरांची चूक कोणती?
२. बेरीज किती झाली तर डॉक्टर आणखी तपासतात?
३. टेलि-मानसचा आकडा वहीत लिहा. घरात सर्वांना वाचून दाखवा.