अल्प भांडवलाचा फोटो स्टुडिओ : सेवाग्रामच्या तीन अटी आणि आजचा हिशेब

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी नावाचा एक तरुण कार्यकर्ता होता. नात्याने तो गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा. आश्रमाचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळता सांभाळता त्याला छायाचित्रणाची ओढ लागली. परंतु कॅमेरा घेण्यास आश्रमाजवळ पैसा नव्हता. अखेर घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला. गांधीजींनी छायाचित्रे काढण्यास संमती दिली, ती मात्र तीन अटींवर. फ्लॅशचा प्रकाश वापरावयाचा नाही. 'असे बसा, तसे पाहा' असे सांगावयाचे नाही. आणि या कामासाठी आश्रम एक पैसाही देणार नाही. कनू गांधींनी या तिन्ही अटी पाळून १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत गांधीजींच्या जीवनाचा असा चित्रसंग्रह उभा केला, की त्याला तोड नाही. वृत्तपत्रांना छायाचित्रे विकून त्यांनी आपल्या कामाचा खर्च भागविला. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर अवघी बारा चौकोनी चित्रे येत, हे ध्यानात घेतले म्हणजे एकेक चित्र किती जपून घ्यावे लागत असेल, याची कल्पना येते.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. फोटो स्टुडिओ काढू इच्छिणारे तरुण कर्जासाठी बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात जातात. तत्पूर्वी बहुधा गावच्या सरपंचांना किंवा आपल्या जुन्या गुरुजींना विचारतात. प्रत्येक हातात कॅमेऱ्याचा मोबाइल असताना हा धंदा चालेल काय, हा प्रश्न गैरलागू नाही. आधारची नोंदणी, पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना यांसाठी आता कार्यालयातच छायाचित्र घेतले जाते. म्हणजे पूर्वीचे हमखास गिऱ्हाईक कमी झाले आहे. तरीही हा व्यवसाय चालू शकतो. तो कोणत्या मर्यादेत चालतो, हे सल्ला देणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. सेवाग्रामच्या पहिल्या आणि तिसऱ्या अटीत त्याचे बरेचसे उत्तर आहे.

उजेडाची सोय

स्टुडिओचे खरे भांडवल उजेड हे होय. खोली निदान १४ फूट लांब आणि १० फूट रुंद असावी आणि तिला उत्तरेकडे मोठी खिडकी असावी. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता आकाशाचा मऊ, सारखा उजेड येतो. चित्रकार आणि जुने छायाचित्रकार हीच दिशा पसंत करीत. आपल्या जिल्ह्यात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वर्धा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही त्या बाजूने आत येते. नेमके हेच दिवस शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे, म्हणजे गर्दीचे. त्यासाठी खिडकीवर पांढऱ्या पातळ खादीचा पडदा लावावा. ऊन त्यातून गाळून येते आणि खिडकी हाच एक मोठा दिवा बनतो. गिऱ्हाइकास खिडकीपासून तीन-चार फुटांवर तिरपे बसवावे. उजेड अंतराबरोबर किती झपाट्याने कमी होतो, हे नवशिक्यास ठाऊक नसते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर उजेड निम्मा न राहता चौथा हिस्साच उरतो. खिडकी मोठी असल्याने तेथे घट इतकी कडक नसते, पण खोलीच्या कोपऱ्यात बसविलेल्या माणसाचा चेहरा मळकट येतो, याचे कारण हेच.

चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूस उजेड परतविण्यासाठी बाजारातील महाग साधन नको. बांबूच्या चौकटीवर ताणून बसविलेले जुने पांढरे धोतर तेच काम करते. मागील पडद्यापासून माणूस चार फूट पुढे बसला, की त्याची सावली पडद्यावर पडत नाही. पावसाळ्यातील काळोख्या दिवसांसाठी आणि रात्रीसाठी दोन एलईडी दिवे व वीज गेल्यास इन्व्हर्टर ठेवावा. दिवे मिणमिणते नसावेत आणि दोन्ही एकाच रंगछटेचे असावेत. एक पिवळा आणि एक निळसर असला, की चेहऱ्याचे दोन भाग दोन माणसांचे वाटतात.

पांढऱ्या पडद्यापुढे आणखी एक गफलत होते. पडद्याचा पांढरेपणा पाहून कॅमेरा आपण होऊन उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग संगणकावर चेहरा 'गोरा' केला जातो. शेतात राबणाऱ्या सावळ्या माणसाचा रंग बदलून देणे ही सेवा नव्हे. घेतानाच उजेड एक टप्पा वाढविला असता, तर त्याचा स्वतःचाच रंग स्वच्छ उमटला असता.

कॅमेरा किती मोठा?

येथेच बहुतेक तरुण फसतात. पासपोर्ट आकाराचे छायाचित्र ३५ × ४५ मिलिमीटरचे असते. उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू लागतात, म्हणजे या चित्राला साधारण ४१३ × ५३१, एकूण सुमारे २ लाख २० हजार बिंदू पुरेत. भिंतीवर लावण्याच्या ८ × १२ इंचांच्या चित्रालाही ८६ लाख बिंदू लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, १ कोटी २० लाख बिंदूंचा कॅमेरा ही दोन्ही कामे चोख करतो. तेव्हा चांगल्या स्थितीतील जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची साधी, उजळ लेन्स घ्यावी. जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे ते पाहावे, आणि लेन्स दिव्यासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी. विदर्भातील उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यातील ओलाव्याने बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवला, की निभावते.

फ्लॅशविना काम होत नाही, असे अनेकांना वाटते. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९४६ मध्ये पुणे येथे गांधीजींचे चरख्याजवळचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेव्हा तिला तीनच फ्लॅश बल्ब वापरण्याची मुभा मिळाली होती. पहिल्या दोन प्रयत्नांत चित्र साधले नाही, तिसऱ्यात साधले. नुसत्या साधनाने काम होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

महिन्याचा हिशेब

किमती बदलत राहतात; म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत. समजा, जुना कॅमेरा आणि लेन्स २५,००० रुपये, छपाईचे यंत्र १२,०००, जुना संगणक ८,००० आणि पडदा, दिवे, स्टूल, चौकट यांस ५,००० असे ५०,००० रुपये लागले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटाची मर्यादा एवढीच आहे, आणि त्यास तारण लागत नाही. दोन वर्षांच्या मुदतीने हप्ता सुमारे २,३०० रुपये पडेल. भाडे ३,०००, वीज ८००, इंटरनेट ४०० आणि दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावयाचे १,००० मिळविले, की महिन्याचा ठरलेला खर्च ७,५०० रुपये होतो.

४ × ६ इंचांच्या एका कागदावर पासपोर्ट आकाराची आठ छायाचित्रे बसतात. आठांच्या संचास ६० रुपये घेतले आणि कागद-शाईस १० रुपये लागले, तर ५० रुपये उरतात. म्हणजे दरमहा १५० संच, २५ दिवस दुकान उघडे धरल्यास रोजची सहा गिऱ्हाइके ही नुसत्या खर्चासाठी. स्वतःला १०,००० रुपये सुटावेत असे वाटत असेल, तर रोज आणखी आठ. एकूण १४.

आता हाच तरुण लग्नातील छायाचित्रकाराकडे पाहून दोन लाखांचा कॅमेरा आणि साहित्य तीन वर्षांच्या कर्जावर घेतो, असे समजू. हप्ता साडेसहा हजारांच्या घरात जातो, ठरलेला खर्च ११,७०० वर पोचतो आणि रोजची नऊ-दहा गिऱ्हाइके केवळ तो फेडण्यात जातात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या चित्रात मात्र त्या दोन लाखांचा मागमूसही दिसत नाही. लग्नाची कामे नियमित मिळू लागल्यावर, त्याच मिळकतीतून मोठा कॅमेरा घ्यावा. आश्रमाचा पैसा मिळणार नाही, या अटीचा व्यावहारिक अर्थ हाच.

जागा आणि हंगाम

रोज चौदा गिऱ्हाइके तीन हजार वस्तीच्या खेड्यात येणार नाहीत. आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू, समुद्रपूर, आष्टी, कारंजा अशा तालुक्याच्या ठिकाणी, तहसील किंवा पंचायत समितीच्या वाटेवर दुकान असावे; नाहीतर मोठ्या आठवडी बाजाराचे गाव पाहावे. जून-जुलैत प्रवेशाचे अर्ज, दिवाळीनंतर कापूस घरी आला की घरगुती छायाचित्रे, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, असा वर्षाचा क्रम आहे. भर पावसाळ्याच्या मोकळ्या दिवसांसाठी हाताशी दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम असल्याखेरीज दुकान उघडू नये.

आज गिऱ्हाईक कागदाबरोबरच ऑनलाइन अर्जासाठीही येते. अनेक परीक्षांचे अर्ज २० ते ५० किलोबाइटचेच छायाचित्र स्वीकारतात, आणि केवळ तेवढ्यासाठी अर्ज परत येऊन मुलांची मुदत टळते. छायाचित्र आणि स्वाक्षरी योग्य मापात करून देणारा स्टुडिओ मोबाइलमुळे बंद पडत नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेचे वर्गवार छायाचित्र अशा दुकानास द्यावे. फक्त मुलांना दुपारी बारा वाजता सूर्याकडे तोंड करून उभे करू नये. दुपारी चारनंतर इमारतीच्या सावलीत, पायऱ्यांवर उभे केले, तर मिटलेले डोळे येत नाहीत.

कागदपत्रांचा त्रास थोडा आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दहापेक्षा कमी कामगार असल्यास नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. बँकांनी जिल्हास्तरावर चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रण व व्हिडिओ चित्रणाचा समावेश असून तेथील शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. कर्जाची शिफारस करण्याआधी उमेदवारास तेथे पाठविणे इष्ट.

विश्वासाचा भाग

गावातील लेकी-सुनांची छायाचित्रे परक्याच्या संगणकात राहतात, ही काळजी खरी आहे. छायाचित्र कोणाचेही असो, विचारल्याशिवाय ते दर्शनी काचेत लावू नये, मित्राला पाठवू नये. आणि गिऱ्हाइकाने पुसून टाकण्यास सांगितल्यास त्याच्यासमोर पुसावे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अंतिम क्षणी गांधीजींनी कनू गांधींना छायाचित्र घेण्यापासून थांबविले, आणि ते थांबले. दहा वर्षे जवळ राहून काम करता आले, ते या थांबण्यामुळेही.

जे जपून ठेवावयाचे, ते मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी, तारीख आणि नाव यांच्या वहीसह ठेवावे. कनू गांधींचे काम दीर्घकाळ फारसे कोणाच्या नजरेस आले नव्हते. ते १९८६ मध्ये वारले, आणि २०१५ मध्ये नजर फाउंडेशनने त्यांची निवडक छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चित्रे टिकली होती, म्हणूनच हे होऊ शकले. आपल्या गावांतही अशी चित्रे आहेत. आष्टीसारख्या, १९४२ च्या आंदोलनात रक्त सांडलेल्या गावाच्या परिसरात कितीतरी घरांत त्या पिढीची पिवळी पडलेली छायाचित्रे भिंतीवर वाळवीच्या तोंडी आहेत. ती चौकटीतून न काढता, उत्तरेच्या खिडकीशी तिरपी धरून, काचेवर चमक न येऊ देता उतरवून घेता येतात. ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून असे एखादे काम स्थानिक स्टुडिओस दिले, तर त्याला पावसाळ्याचे दोन महिने पुरेल एवढी मजुरी मिळेल, आणि घरोघरची मूळ छायाचित्रे त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या भिंतीवर परत जातील.