बी कुठून आणले?



दर जुलैत आपल्या शाळेत वृक्षारोपण होते. खड्डे आधीच तयार असतात, हाऊसप्रमाणे रांगा लागतात आणि तासाभरात काम संपते. दुसऱ्या दिवशी असेंब्लीत किती रोपे लावली तो आकडा वाचला जातो. रोप कोणत्या जातीचे, एवढे आपण विचारतो. त्याचे बी कोणत्या डोंगरावरच्या कोणत्या झाडाचे, हे मात्र कोणी विचारत नाही. जीवशास्त्र शिकवत असूनही मीसुद्धा बरीच वर्षे विचारले नव्हते. एका हिवाळ्यात झालेल्या फजितीने मला तो प्रश्न शिकवला.

आवळ्याच्या दोन रांगा

माझे गाव वर्धा जिल्ह्यात. डून खोऱ्यात नोकरीला आल्यावर पहिल्याच हिवाळ्याच्या सुट्टीत मी शेताच्या बांधावरच्या आवळ्याचे बी इकडे आणले. गावचे झाड शाळेत वाढावे, एवढीच हौस. एका सहकाऱ्याने इथल्याच जंगलातल्या आवळ्याचे बी दिले. दोन्ही एकाच दिवशी पिशव्यांत पेरले आणि जुलैत वीस-वीस रोपांच्या दोन रांगा लावल्या.

जानेवारीत पाला पडला. आपल्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने; इथे ‘पाला पडला’ म्हणजे रात्री दव गोठले. सकाळी पाहतो तो माझ्या गावच्या वीसपैकी चौदा रोपांचे शेंडे काळे पडलेले. इथल्या बियांपासून झालेल्या वीसपैकी फक्त तीन करपली होती.

वर्गात मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. तेव्हा नववीतल्या एका कॅडेटने हात वर केला. “सर, पण इथल्या आवळ्याची रांग मेसच्या भिंतीलगत होती. भिंतीच्या उबेने ती वाचली नसेल कशावरून?”

प्रश्न अचूक होता. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते, आणि थंड हवा जड असल्यामुळे सखल जागी साचते. माझी गावची रांग नेमकी खोलगट भागात होती. म्हणजे दोष बियांचा की जागेचा, हे त्या प्रयोगातून सांगताच येत नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही दोन्ही प्रकारची रोपे एकाआड एक लावली. फरक बराच कमी झाला, पण उरला. गावच्या बियांची रोपे पुन्हा जास्त करपली. तुलना करायची तर बाकी सारे सारखे ठेवावे लागते, हा धडा त्या कॅडेटने शिक्षकाला दिला.

जात एक, घडण वेगळी

दोन्ही आवळेच होते. मग फरक कुठून आला? डून खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पाल्याने नाजूक रोपे मारली आणि तग धरणारी उरली. त्यांच्याच बियांतून पुढचे जंगल झाले. विदर्भात परीक्षा उन्हाळ्याची असते, म्हणून तिथे वेगळे गुण निवडले गेले. जवानाला उंचीवर पाठवताना टप्प्याटप्प्याने थांबवून त्याच्या शरीराला सवय लावतात. झाडाला तशी सवय फार थोडी लावता येते. त्याची बरीचशी तयारी बियांतच झालेली असते.

हे ज्ञान नवे नाही. फ्रान्समध्ये व्हिल्मोरँ यांनी १८२० च्या दशकात युरोपच्या निरनिराळ्या भागांतून स्कॉट्स पाइनचे बी आणून एकाच ठिकाणी लावले. जमीन तीच, पाऊस तोच. तरी खोडाचा सरळपणा आणि वाढ मूळ ठिकाणाप्रमाणे वेगळी निघाली. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या काही चीड वृक्षांचे तंतू दोरीसारखे पीळ घेतात. असे लाकूड वाळताना वळते, फळीच्या उपयोगाचे राहत नाही. एच. जी. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात या पिळाचा अभ्यास केला. हा दोष बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. सरळ झाडे तोडून नेली आणि उरलेल्या पिळाच्या झाडांचे बी गोळा केले, तर पुढचे जंगलही पिळाचेच होणार.

मग स्थानिक बीच घ्यावे का?

आवळ्याच्या अनुभवानंतर बरीच वर्षे माझे उत्तर ठाम होते: बी जवळचेच हवे. आता ते उत्तर मला अपुरे वाटते.

१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आणि वाढ चालूच आहे. जवळच्या झाडाची निवड कालच्या हवामानाने केली आहे. आज लावलेले रोप मात्र साठ-सत्तर वर्षांनंतरही उभे राहायला हवे. म्हणजे त्याला दोन पेपर द्यायचे आहेत: पहिला येत्या जानेवारीतल्या पाल्याचा आणि दुसरा तुमच्या म्हातारपणीच्या उन्हाळ्याचा. फार उष्ण भागातले बी आणले तर रोप पहिल्याच पेपरात नापास होईल. फक्त जवळचे आणले तर ते दुसऱ्यात अडखळू शकते.

यावर जगभर प्रयोग चालू आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००९ पासून युकॉनपासून कॅलिफोर्नियापर्यंत ४८ ठिकाणी निरनिराळ्या हवामानातून आणलेल्या बियांची रोपे शेजारी-शेजारी लावून पाहिली. तिथल्या वनखात्याने पुढे बियांचे नियमही हवामानाच्या आधारावर बदलले. लागवडीच्या जागेपेक्षा थोड्या उष्ण जागेचे बी घ्यावे, असा त्यामागचा विचार आहे. त्यातला ‘थोड्या’ हा शब्द महत्त्वाचा.

नकाशावरचे गणित

यंदा आपल्याला सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या एका उजाड उतारावर बांज लावायचा आहे. बांज हा हिमालयातला सदाहरित ओक. त्याच्या जंगलाखालचे झरे आटत नाहीत, असे डोंगरातले लोक मानतात. म्हणून गावकऱ्यांनाही तोच हवा आहे. बी कुठून आणायचे?

डोंगर चढताना दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे १ अंशासाठी सुमारे १५० मीटर. पुढे २ अंश वाढ होईल असे धरले, तर तेवढी उष्ण जागा आज ३०० मीटर खाली, म्हणजे १,३०० मीटरवर सापडेल. नकाशावाचनाच्या तासाला शिकलेल्या समोच्च रेषा इथे कामाला येतात.

पण नुसती उंची पाहून चालणार नाही. उताराचे तोंड कुठे आहे तेही पाहा. हिमालयात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त तापतो आणि लवकर कोरडा होतो. म्हणून त्याच उंचीवरच्या दक्षिण उतारावर तगलेला बांज आपल्याला हवे ते गुण देऊ शकतो. शिवाय पाऊस आणि मातीही पाहावी लागते. उंचीचे गणित फक्त तापमानाचे आहे.

आमच्या निसर्ग मंडळाने चर्चा करून असे ठरवले आहे: दहापैकी सात भाग बी जवळपासच्या जंगलातले, तीन भाग खालच्या किंवा दक्षिण उतारावरचे. हा कोणत्या पुस्तकातला नियम नाही, हा आमचा अंदाज आहे. चुकला तर सगळी लागवड जाऊ नये, म्हणून प्रमाण असे राखले.

बी गोळा करताना

१. वन विभागाची परवानगी आधी घ्या.

२. एका झाडाखाली पोते भरू नका. निदान तीस मातृवृक्ष निवडा आणि दोन झाडांत शक्य तर शंभर मीटर अंतर ठेवा. जवळची झाडे बहुधा एकमेकांची भावंडे असतात.

३. एकट्या उभ्या झाडाचे बी टाळा. त्याला दुसऱ्याचे पराग कमी मिळतात, त्यामुळे रोपे दुबळी निघू शकतात.

४. झाड निरोगी आहे का ते पाहा. हाताशी येते म्हणून बुटके, वेडेवाकडे झाड निवडू नका.

५. बांजाचे बी टोपी घातलेल्या लहान सुपारीसारखे दिसते. ते पाण्यात टाका. तरंगणाऱ्या बियांत बहुधा किडा असतो. बुडालेले घ्या, आणि उन्हात वाळवू नका. वाळले की ते मरते.

६. वेळ पाळा. बांज हिवाळ्यात पिकतो. खोऱ्यातल्या सालवृक्षाचे बी तर जूनमध्ये पावसाच्या तोंडावर गळते आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. ते साठवून ठेवता येत नाही.

७. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी हवी: जात, ठिकाण, उंची, उताराची दिशा, मातृवृक्षांची संख्या, तारीख.

नोंदवहीचे काम

परेड ग्राउंडवरून उत्तरेला मसुरीचे डोंगर दिसतात. चुनखडीच्या खाणींनी ते एकेकाळी पांढरे पडले होते. १९८२ मध्ये उभारलेल्या प्रादेशिक सेनेच्या १२७ इको बटालियनने, म्हणजे गढवाल रायफल्सच्या माजी सैनिकांनी, तिथे वर्षानुवर्षे रोपे लावली आणि जगवली. जगवणे हे लावण्यापेक्षा मोठे काम आहे, हे त्यांच्याकडून शिकावे.

आपण डिसेंबरात बी वेचू, रोपवाटिकेत वाढवू आणि पुढे पावसाळ्यात उतारावर लावू. दोन्ही प्रकारची रोपे एकाआड एक लागतील, कारण भिंतीचा प्रश्न मी विसरलेलो नाही. आज दहावीत असलेले तुम्ही तोवर बहुधा इथे नसाल. तरीही पहिल्या पानावर तुमच्या हातची नोंद असेल, आणि दर जानेवारीनंतर कोणती रोपे जगली ते कोणीतरी कनिष्ठ कॅडेट तिच्याखाली लिहील. माझा सात-तीनचा अंदाज बरोबर होता की नाही, हे त्या वहीवरूनच कळेल. चुकला असेल तर त्याने तसे स्पष्ट लिहावे.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलाने गावाकडून बी आणले तर कौतुक जरूर करा, पण ते कुठल्या झाडाचे, कुठल्या शिवारातले, हेही त्याला चिठ्ठीवर लिहायला सांगा. माझ्या गावच्या वीस आवळ्यांपैकी दोन आजही शाळेत उभे आहेत, दोन्ही मेसच्या भिंतीपासून लांब. पाल्यात ते कसे तगले, याचा शोध पुढच्या वर्षीच्या वर्गाने घ्यावा.