पुढील पाच दिवसांची थंडी



नाताळ ते संक्रांत हा आपल्या बेळगाव-खानापूर भागातील थंडीचा मुख्य काळ. ‘उत्तर भारतात थंडीची लाट’ असे रेडिओवर ऐकले की आपण म्हणतो, दिल्लीकर पाहून घेतील! पण आपली थंडीही तिकडूनच येते. भूमध्य समुद्राकडचे पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकले की मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तो दख्खनच्या पठारावर पोचला आणि आभाळ निरभ्र असले तर दिवसाची ऊब रात्री निघून जाते व पहाटे पारा उतरतो.

याउलट बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचा वारा आला की ढग येतात. ढग म्हणजे जमिनीवर घातलेले कांबळेच. थंडी कमी होते, आपल्याला बरे वाटते. पिकाला मात्र नाही. आमच्या मते कडक थंडीपेक्षा या ढगाळ दिवसांचीच धास्ती अधिक धरावी. हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, आंब्याच्या मोहरावर तुडतुडे व भुरी येते. वर्षाची कमाई आठ दिवसांत काळी पडू शकते.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगावे. मात्र त्यातले तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवरचे असते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री पिकाजवळ त्याहून दोन-चार अंश कमी असते आणि खोलगट शेतात तर आणखी कमी. तेव्हा कडाका सांगितला असेल तर भाजीपाल्याला संध्याकाळी हलके पाणी द्यावे, ओली माती ऊब धरते. हरभऱ्याला मात्र उगाच पाणी देऊ नये. ढग सांगितले असतील तर हरभऱ्याच्या ओळी रोज पाहाव्यात. मोहरावर भुरी दिसू लागताच पाण्यात विरघळणारे गंधक दहा लिटर पाण्यात वीस ग्रॅम घालून फवारावे. फुले उमलली असताना कीटकनाशक टाळावे, मधमाश्या मरतात व फळ धरत नाही.

वासरांच्या गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधावे. दम्याच्या व हृदयविकाराच्या म्हाताऱ्या माणसांनी ऊन वर आल्यावरच शेताकडे निघावे. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीही झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो कळतच नाही. शेकून झाले की शेगडी अंगणात नेऊन ठेवावी.