आई-बाप वेगळे झाले, तर मूल वाया जातं?

प्रश्न : मुलगा-सून वेगळे झाले. सात वर्षांची नात माझ्याकडे असते. तिची आई नोकरीसाठी पुण्यात, ती शनिवारी येते. आळीतल्या बायका म्हणतात, अशा घरातली मुलं पुढे वाया जातात. खरं आहे का हे?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, हेच तपासण्यात एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं घालवली. हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांच्या चमूने थेट चाळिशीपर्यंत काढला. बेट तेव्हा उसाच्या मळ्यांचं; मळ्यात राबणाऱ्यांची घरं बरीच.

त्यातल्या साधारण तीस टक्के मुलांच्या पदरी गरिबी, जन्मावेळचा त्रास, घरातली कायमची भांडणं किंवा फारकत, आई-वडिलांचा मानसिक आजार असं बरंच काही एकदम आलं होतं. दोन वर्षांची होईतो अशा चार किंवा जास्त गोष्टी ज्यांनी सोसल्या, त्यांतली दोन तृतीयांश पुढे अडखळली. कुणी अभ्यासात मागे पडलं, कुणाचं नाव पोलिसांत गेलं. म्हणजे आळीतल्या बायका अगदीच खोटं बोलत नाहीत. फक्त ‘चार किंवा जास्त’ एवढं त्या गाळतात. फारकत ही त्यातली एक.

आणि उरलेली एक तृतीयांश? ती ७२ मुलं नीट मार्गी लागली. चाळिशीत त्यांच्यातलं कुणी बेकार नव्हतं की कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं नव्हतं. या मुलांना लहानपणी निदान एक तरी भरवशाचं माणूस लाभलं होतं, आणि ते आई-वडीलच होते असं नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाची थोरली बहीण. अभ्यासकांच्या भाषेत हे ‘पर्यायी पालक’. (तुम्हाला हे नाव आवडणार नाही, मलाही नाही.) शिवाय यांतल्या बऱ्याच जणांवर घरातलं काही ना काही काम सोपवलेलं असे.

अडखळलेल्यांतलेही बरेच जण तिशी-चाळिशीत सावरले. कुणी राहिलेलं शिक्षण पुरं केलं, कुणाला समंजस जोडीदार मिळाला. मला तर हा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण अठराव्या वर्षी कुणाचाच निकाल लागलेला नसतो.

तुम्ही एवढं करा : आईचा शनिवार चुकू देऊ नका, निदान यंदा तरी शाळा बदलू नका, आणि तुळशीला पाणी घालायचं काम नातीकडे द्या.