नैराश्यावरील त्वरित गुण देणारी औषधे

मन उदास होणे व नैराश्याचा आजार होणे या भिन्न गोष्टी आहेत. झोप, भूक, कामातला रस दोन आठवडे वा अधिक काळ हरवतो, जगणे नकोसे वाटते, तेव्हा तो आजार समजावा. ती करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, आळसही नव्हे.

नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. काहींना दोन निरनिराळी औषधे पुरेसा काळ देऊनही फरक पडत नाही. मनात आत्महत्येचे विचार असताना इतके थांबणे जिवावर बेतू शकते.

म्हणून संशोधकांचे लक्ष केटामिनकडे वळले. भुलीच्या या औषधाला अमेरिकेत १९७० साली मान्यता मिळाली. २००६ साली तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, पूर्वीच्या औषधांनी बरे न झालेल्या १८ रुग्णांवर अभ्यास केला. भुलीपेक्षा कमी मात्रा शिरेतून दिल्यावर एका दिवसात ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. आठवडाभर मात्र तो ३५ टक्क्यांतच टिकला. पुढील अभ्यासांत आत्महत्येचे विचारही लवकर कमी होताना दिसले. २०१९ साली एस्केटामिनच्या नाकातील फवाऱ्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

नेहमीच्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांवर काम करतात. केटामिन मेंदूतील ग्लुटामेट या द्रव्याच्या कार्यात बदल घडविते. त्यामुळे मेंदूपेशींमधील तुटलेले जोड पुन्हा वाढू लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

परंतु याने रक्तदाब वाढतो, काही वेळ भान सुटल्यासारखे होते आणि व्यसनाचाही धोका असतो. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. सिरोंचा, भामरागड किंवा जिवतीच्या दूरच्या गावात अशी देखरेख दाराशी मिळत नाही. तेव्हा गोळीचा गुण येईपर्यंतचे दिवस घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच सांभाळले पाहिजेत.

त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) रुग्णाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.
२) जीव द्यावासा वाटतो का, हे आपुलकीने स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही.
३) गुण दिसत नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.
४) 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. धोका वाटताच जवळचे रुग्णालय गाठावे.

नव्या औषधांनी काही तासांत गुण येऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. ती गावापर्यंत पोहोचेस्तोवर माणसाची सोबत हाच आपल्या हातातील उपाय आहे.