चायनीजच्या टेबलावर शिकलेलं

१. ऑर्डर टेबलाची द्यावी, माणसाची नाही. ऑफिसातले सहा जण असलो तर दोन स्टार्टर, दोन ग्रेव्ही, एक राइस, एक हक्का नूडल्स आणि सूप वन-बाय-टू. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं. प्रत्येकाने आपापलं ट्रिपल शेजवान घेतलं, की शेजारी बसूनही सगळे वेगवेगळे जेवतात.

२. मेन्यूकार्ड उघडण्याआधी शाकाहारी कोण ते विचारावं. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. ऑयस्टर सॉस कालवांपासून होतो, व्हेज सूपलाही काही ठिकाणी चिकनचा स्टॉक असतो. जैन मैत्रिणीने संकोचत सांगण्याआधीच कांदा-लसणाशिवाय काय मिळेल ते आपण वेटरला विचारावं. कुणी मंगळवार पाळतं, कुणी श्रावण. 'परवा तर खाल्लंस' हे कुणी म्हणू लागलं तर मी तिथेच थांबवते. व्हेजच्या बोलमधला चमचा इकडेतिकडे जाणार नाही, हेही मीच बघते.

३. मंचाव सूपवरच्या तळलेल्या नूडल्स अगदी खाताना घालाव्यात. कुरकुरीत काही आलं की गप्पा थांबवाव्यात. कॉर्नफ्लोअरचं आवरण सॉसमध्ये लगेच मऊ पडतं.

४. परदेशी जाऊन आलेला एखादा सहकारी 'हे खरं चायनीज नव्हेच' म्हणतो. मला ते पटत नाही. चिकन मंचुरियन नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं. ते कोलकात्यात जन्मलेले. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच ठेवून गरम मसाल्याच्या जागी त्यांनी सोया सॉस घातला. मुंबईत जन्मलेल्या पदार्थाला नकली का म्हणायचं?

५. काँट्री किती ते बसण्याआधी ठरवावं, दारूचं वेगळं. ट्रेनींकडून पैसे घेऊ नयेत.

६. वाढणारी मुलं पुष्कळदा ईशान्येकडची, दार्जिलिंगची किंवा नेपाळची असतात. त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी काही बोललं, तर वरिष्ठ असला तरी त्याला टोकावं. आमच्या नेहमीच्या हॉटेलातला मुलगा मिझोरामचा आहे. आम्ही त्याला नावाने हाक मारतो. प्रॉन्स ताजे नसतील तर तो आपणहून सांगतो, 'आज चिकनच घ्या.'